परसदारची शाळा : काडेपेटीतले पाच पाहुणे

दोस्तांनो,

गेल्या आठवड्यात टपालानं माझ्याकडे एक काडेपेटी आली. वर दोरा गुंडाळलेला, आत कापूस आणि कापसावर पाच किडे. पाचही मेलेले. सोबत वहीचं फाडलेलं पान. पत्र चिपळूणच्या, सातवीतल्या एका दोस्ताचं होतं. त्यानं लिहिलं होतं :

"मावशी, मृगाचा पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी आमच्या परसात आणि पडवीतल्या दिव्याभोवती पंखवाल्या मुंग्याच मुंग्या झाल्या. मी पाच प्रकारच्या पकडल्यात. यातली राणी कोणती ते सांगा, मला मुंग्या पाळायच्या आहेत. माझा मित्र म्हणतो, राणी सापडली नाही तर बाहेरच्या देशातून मागवता येते. खरं का?"

आणि खाली वेगळ्या, वळणदार अक्षरात त्याच्या आईचं एक वाक्य : "साखरेच्या डब्यात आहेत त्या मुंग्या कमी पडल्या का? आता तुम्हीच याला समजवा!"

समजावते, दोघांनाही समजावते. पण आधी काडेपेटी.

तुम्हीही माझ्याबरोबर बघा बरं का. पावसाळ्याच्या दिवसांत खिडकीच्या कट्ट्यावर नाहीतर दिव्याखाली असा एखादा मेलेला किडा सहज सापडतो. एक पांढरी बशी घ्या. भिंग घ्या. भिंग नसेल तर आजोबांचा वाचायचा चष्माही थोडंफार काम भागवतो (विचारून घ्या हं, तेवढा वेळ त्यांचा पेपर बंद!). कंपासपेटीतली पट्टीही जवळ असू द्या.

पहिला पाहुणा तपकिरी रंगाचा. अंगापेक्षा पंखच मोठे. पंख चार, रंगानं धुरकट, आणि चारही एकसारख्या लांबीचे. अंगावर मिटले की पोटाच्या टोकाच्याही पार पलीकडे जाणारे. आता कंबर बघू. कंबर? ती नाहीच! छाती आणि पोट सरळ एकाला एक चिकटलेलं. डोक्यावरच्या मिशा, म्हणजे स्पर्शिका, सरळ. दोऱ्यात बारीक मणी ओवावेत तशा.

ही मुंगी नव्हेच. ही वाळवी.

पहिल्या पावसानंतर दिव्यावर येणाऱ्या ज्या झुंडीला आपण 'पंखवाल्या मुंग्या' म्हणतो, ती बहुतेक वेळा वाळवीची असते. वाळवी झुरळांच्या घराण्यातली आणि मुंगी गांधीलमाशीच्या घराण्यातली. दोघी एकमेकींच्या चुलत, मावस कोणीच लागत नाहीत. उलट कितीतरी जातींच्या मुंग्या वाळवी मिटक्या मारत खातात.

मग मुंगी कशी ओळखायची? एक म्हणजे तिची कंबर. छाती आणि पोट यांच्यामध्ये बारीक देठासारखा भाग असतो आणि त्यावर एक किंवा दोन गाठी असतात. मणीच म्हणा ना. दुसरं, पंख. मुंगीलाही चारच पंख, पण पुढची जोडी मोठी आणि मागची लहान. आणि तिसरं, मिशी. मुंगीच्या मिशीला कोपर असतं, आपल्या हाताला असतं तसंच. आधी एक सरळ दांडी, मग वळण. आता नर मुंग्यांमध्ये हे कोपर कधी कधी नीट दिसत नाही, म्हणून एकट्या मिशीवर विसंबू नका. कंबर मात्र फसवत नाही.

दुसऱ्या पाहुण्याला पंखच नव्हते. त्याच्या शेजारी कापसावर निळ्या शाईनं बाण काढून लिहिलं होतं, "हीच राणी ना?" आमच्या दोस्तानं कुठंतरी वाचलं होतं की राणी मुंगी पंख टाकून देते. वाचलेलं अगदी बरोबर. पण याची कंबर बघा, सपाट! मिशीतही मणीच मणी. म्हणजे ही पंख गळालेली वाळवी. वाळवीसुद्धा उडून झालं की पंख झटकून टाकते. सकाळी पडवीत केरसुणी फिरवली की सूपभर पंख निघतात ते तिचे. पंख टाकले की नर आणि मादी एकापाठोपाठ एक, आगगाडीच्या डब्यांसारखे पळत सुटतात आणि जागा शोधून जमिनीत शिरतात. वाळवीच्या घरात राणीबरोबर राजाही जन्मभर राहतो. मुंग्यांच्या घरात राजा नसतो. का नसतो ते तिसऱ्या पाहुण्याकडून कळेल.

त्याआधी माझी एक फजिती ऐका. मी पाचवीत होते. असाच पाऊस, असाच दिवा. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत मी पंचवीसेक 'मुंग्या' भरल्या, वर साखरेचे चार चमचे घातले आणि झाकणाला खिळ्यानं भोकं पाडून बरणी उशाशी घेऊन झोपले. सकाळी बरणीत पंखांचा ढीग. दुपारपर्यंत निम्म्या मेल्या, दुसऱ्या दिवशी सगळ्या. मी खूप रडले. मग शेजारच्या एका दादानं बरणी उजेडात धरली आणि म्हणाला, "अगं, ही वाळवी आहे. हिला साखर घालून काय होणार? हिला ओली माती हवी, लाकूड हवं." नावच चुकलं होतं, म्हणून खाणं चुकलं, जागा चुकली आणि पंचवीस जीव गेले. तेव्हापासून मी आधी कंबर बघते.

तिसरा पाहुणा खरा मुंगीवाला. काळा, बारीक, मापला तर जेमतेम एक सेंटिमीटर. कंबरेत एक मणी. पंख पुढे मोठे, मागे लहान. पण याचं डोकं बघा, केवढंसं! त्या मानानं डोळे केवढे! जबडा नावापुरता. पोट निमुळतं. हा नर मुंगळा.

नरांचं आयुष्य मोठं मजेशीर आणि थोडं वाईटच वाटेल असं. तो घरट्यात काम करत नाही, अन्न आणत नाही, बाळांना भरवत नाही. बहिणी त्याला खाऊ घालतात. एके दिवशी हवा दमट होते, पावसानं जमीन भिजते आणि एकाच जातीच्या आसपासच्या कितीतरी वारुळांतून नर आणि तरुण राण्या एकदम बाहेर पडतात. वेगवेगळ्या घरट्यांतल्या नर-मादींची गाठ पडावी म्हणून ही 'एकदम'ची सोय. शिवाय इतक्या झुंडीत कावळे, कोतवाल, पाली आणि बेडूक पोट फुटेस्तोवर खाऊनही काही राण्या उरतातच. भिजलेली जमीन मऊ असते, राणीला खोदायला सोपी. मीलन झालं की नराचं काम संपलं. थोड्याच काळात तो मरतो. म्हणूनच मुंग्यांच्या घरात राजा नाही.

आणखी एक गंमत. राणी अंडं घालताना नराचं बीज त्यात मिसळलं तर मुलगी होते, नाही मिसळलं तर मुलगा. म्हणजे नर मुंगळ्याला बाप नसतो! पण त्याच्या आईला बाप असतो. म्हणून बाप नाही, पण आजोबा आहेत. हे कोडं उद्या वर्गात घालून बघा.

आता आमच्या दोस्तानं असे दहा नर बाटलीत ठेवले असते आणि त्यांना मध, साखर, किडे सगळं दिलं असतं, तरी ते आज ना उद्या मेलेच असते आणि त्याला वाटलं असतं, आपलंच काहीतरी चुकलं. 'मी मुंग्या पाळल्या पण मेल्या' अशी जी पत्रं मला येतात, त्यांतली बरीचशी या नरांची आणि वाळवीची असतात. मुंग्या पाळायच्या म्हणजे नवी राणी पाळायची. बाकी कोणाला बाटलीत घालून काहीच वाढत नाही.

चौथा पाहुणा बघून मी उडालेच! लांबी दोन सेंटिमीटरच्या वर. रंग पिवळट तपकिरी, अंगावर लव, पोट लांबट आणि गोलसर, भुईमुगाची जाडजूड शेंग जशी. आमच्या दोस्ताने लिहिलं होतं, "ही गांधीलमाशी असावी, पण चावली नाही."

गांधीलमाशी नव्हे रे, हीसुद्धा मुंगीच! हा डोरायलस नावाच्या मुंगीचा नर. पावसाळ्यात रात्री दिव्याभोवती हा धडपडत, आपटत फिरतो. याच्या बहिणी आपण सहसा बघतच नाही, कारण त्या आंधळ्या असतात आणि जमिनीखाली राहतात. राणीला पंख कधी फुटतच नाहीत. बहीण-भावांचं एकमेकांशी इतकं काही जुळत नाही की मोठमोठे पंडितसुद्धा फसले. सगळ्या प्राण्यांना शास्त्रीय नावं देणारा लिनियस, त्यानं १७६४ साली आफ्रिकेतल्या अशाच एका नराला नाव दिलं ते गांधीलमाशी समजून! पुढे १८४९ साली थॉमस सॅव्हेज यांनी पश्चिम आफ्रिकेत मुंग्यांच्या रांगेतच हे नर चालताना पाहिले, तेव्हा कुठे उलगडा झाला. म्हणजे आमचा चिपळूणचा दोस्त चुकला, पण चुकला तो लिनियसच्या पंगतीला बसून. काय वाईट आहे?

हा पाळता येत नाही. फक्त वहीत चित्र काढा, तारीख घाला आणि सोडून द्या.

राहिला पाचवा पाहुणा. कापसाच्या कोपऱ्यात, पाय पोटाशी घेतलेला. पत्रात याच्याबद्दल एकच ओळ होती. "ही तुळशीवृंदावनाच्या कट्ट्याखाली चालत होती, हिचे पंख अर्धे तुटलेत म्हणून चांगली नाही."

भिंगाखाली धरली. काळीभोर, पट्टीवर दीड सेंटिमीटरला थोडी जास्त. डोकं मोठं, जबडा मजबूत. छाती तर पैलवानासारखी, उंच आणि रुंद, कारण उडायचे स्नायू तिथंच असतात. पोट भरदार. कंबरेत एकच मणी. पोटाच्या टोकाला नांगी नाही, तर बारीक केसांचं गोल कडं. उजवीकडचे पंख पार मुळापासून गेलेले, त्या जागी नुसत्या खुणा, आणि डावीकडे एक फाटका तुकडा लोंबत होता.

दोस्ता, राणी हीच होती.

आपल्या अंगणात, झाडाच्या बुंध्यावर रांगा लावणारे मोठे काळे मुंगळे आहेत ना, त्यांच्या घराण्यातली. शास्त्रज्ञ या घराण्याला कॅम्पोनोटस म्हणतात. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारा मुंगळा कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, आणि ही त्याचीच राणी असावी. पण जात नक्की ठरवायला जाणकारांची नजर लागते. पाळणाऱ्याला घराणं कळलं तरी पुष्कळ झालं.

तिचे पंख कोणी तोडले नव्हते. ती स्वतःच ते काढत होती! मीलन झालं, आता उडायचं नाही, घर करायचं. मग पंख हवेत कशाला? पायांनी ढकलून, मुरगळून ती ते पाडते. आपण सगळे बिनतुटक्या, चकचकीत पंखांची मुंगी शोधतो आणि जी कामाची असते तिला 'मोडकी' म्हणून बाजूला टाकतो. मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं, असं आपल्याकडे म्हणतात. नरांच्या बाबतीत ते खरंच आहे. आणि बहुतेक राण्यांच्याही, कारण शेकडोंतली एखादीच घर वसवते. पण जी वसवते तिचं खरं आयुष्य पंख गळल्यावर सुरू होतं.

म्हणून पाऊस थांबल्यावर दिव्याकडे वर बघत बसू नका. खाली बघा. कट्ट्याच्या कडेला, दगडाजवळ, भिंतीच्या पायथ्याशी एकटीच, घाईघाईनं, कोपरे हुंगत चालणारी, पंख नसलेली, छाती उंच असलेली मुंगी दिसते का बघा. साध्या कामकरी मुंगळ्याची छाती अरुंद असते आणि तो रांगेचा वाटसरू असतो. ही एकटी असते, आणि छातीवर पंखांच्या खुणा असतात.

कंबरेतले मणीही मोजून ठेवा. एक मणी असेल तर मुंगळ्याचं घराणं असू शकतं. पानं शिवून झाडावर घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्यांनाही एकच मणी. त्यांची राणी हिरवट असते, दिसायला फार सुंदर, पण तिला झाड लागतं, नळीत तिचे हाल होतात, तेव्हा तिला जाऊ द्या. दोन मणी असतील तर मात्र हात जपून. आग पेटल्यासारखी चावणारी लाल मुंगी दोन मण्यांची. झाडाच्या खोडावर फिरणारी, डोकं आणि पोट काळं, मधला भाग तांबूस अशी लांबट मुंगी असते, तीही दोन मण्यांचीच, आणि तिचा डंख गांधीलमाशीची आठवण करून देतो. अंगावर पटकन गांधी उठणाऱ्यांनी तर दोन मण्यांच्या वाटेला जाऊच नये. उचलायचं ते नेहमी कागदाच्या कपटीवर, बोटांनी नाही. बोटांनी तिचाही पाय मोडतो.

राणी सापडली तर काय करायचं? फार काही नाही, हीच त्यातली अवघड गोष्ट!

एक काचेची परीक्षानळी घ्या. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. तिच्यात एक तृतीयांश पाणी भरा. कापसाचा घट्ट बोळा पाण्याला टेकेपर्यंत आत ढकला. बोळा ओला झाला पाहिजे, पण पाणी गळता कामा नये. मग राणीला आत जाऊ द्या आणि तोंडाशी कोरड्या कापसाचा सैलसर बोळा लावा, हवा येईल असा. नळी काळ्या कागदात गुंडाळा आणि जिथे धक्के लागत नाहीत, ऊन येत नाही अशा खणात आडवी ठेवा. झालं.

"आणि खाणं?" खाणं नाही! मुंगळ्याची राणी या दिवसांत काही खात नाही. उडायचे ते पैलवानी स्नायू आता तिच्या उपयोगाचे नाहीत. ते आतल्या आत विरघळतात, त्यावर ती स्वतः जगते आणि पहिल्या बाळांना भरवते. पाणी मात्र हवं, ओलावा हवा. (तुमच्या लक्षात आलं असेल, काडेपेटीत नेमका तोच नव्हता.)

साधारण महिना-दोन महिन्यांत अंडी, मग अळ्या, मग कोश आणि मग पहिल्या लेकी. अगदी चिमुकल्या. त्या चालू-फिरू लागल्या की मग चांदीच्या कागदाच्या तुकड्यावर साखरपाण्याचा एक थेंब आणि एक मेलेला डास. डास हातानं मारलेला हवा. औषध फवारून मारलेला दिलात, तर सगळं घरच संपेल. मुंग्या मारायच्या खडूला हात लावला असेल तर साबणानं धुतल्याशिवाय नळीला शिवू नका.

आणि तोवर आठवड्यातून एकदाच बघायचं. एकदा! रोज कागद काढून बघाल तर राणी घाबरते आणि अंडी खाऊन टाकते. मी हे कॉलेजात असताना केलंय. पहिल्या आठवड्यात नऊ अंडी मोजली होती. मैत्रिणी आल्या की नळी काढायची, शेजारची मुलं आली की नळी काढायची. चौथ्या दिवशी पाच, सहाव्या दिवशी एकही नाही. राणी होती, अंडी नव्हती. मला कोणी काही बोललं नाही, पण ती रिकामी नळी अजून डोळ्यांसमोर आहे.

पंख असलेली राणी मिळाली तर दोन-तीन दिवस नळीत ठेवून बघा. पंख टाकले तर आशा आहे. नाही टाकले तर बहुधा तिचं मीलन झालेलं नाही, संध्याकाळी सोडून द्या. कधी कधी मीलन न झालेली राणीही पंख टाकते. तिला मुली होत नाहीत. म्हणून दोनेक महिन्यांत काहीच हललं नाही तर रागावू नका, तिलाही परसात सोडा. आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही. राणी हवी म्हणून वारूळ खोदायचं नाही. आतली जुनी राणी बहुधा सापडत नाही, आणि घर तेवढं मोडतं.

आता आईंसाठी.

काकू, तुमच्या साखरेच्या डब्यातल्या मुंग्या आणि ही राणी यांचा काडीचा संबंध नाही. स्वयंपाकघरात फिरणाऱ्या बारीक पिवळसर मुंग्यांच्या काही जातींत एकेका घरात पुष्कळ राण्या असतात, त्यांना उडायचीही गरज पडत नाही. घर भरलं की चार राण्या आणि लेकी उठून पलीकडच्या फटीत बिऱ्हाड करतात. म्हणून तर त्या हटत नाहीत. मुंगळ्याची एकटी राणी पहिल्या वर्षी दहा-वीस लेकींची आई झाली तरी डोक्यावरून पाणी. आणि नळी सुटेल अशी भीती असेल तर तुमच्याच घरातली युक्ती वापरा. लाडवाचा डबा पाण्याच्या परातीत ठेवता ना? तशीच नळी एका वाटीवर ठेवून ती वाटी पाण्याच्या ताटलीत ठेवायची. बाहेरच्या मुंग्या आत येत नाहीत, आतल्या बाहेर जात नाहीत.

शिवाय हा काही रिकामटेकड्यांचा उद्योग नव्हे. इंग्लंडमधले सर जॉन लबक हे सावकारी पेढीचे मालक, पार्लमेंटचे सभासद आणि डार्विनचे शेजारी. बँकांना सार्वजनिक सुट्टी देणारा तिथला १८७१ चा कायदा त्यांनीच आणला. हे गृहस्थ घरात काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये माती घालून मुंग्या पाळत आणि तासन् तास त्यांच्या नोंदी करत. १८८२ साली त्यांनी मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांवर पुस्तक लिहिलं. १८७४ मध्ये आणलेली त्यांची एक राणी १८८८ पर्यंत जगली! युरोपातल्या लॅसियस नायगर जातीची एक राणी तर २८ वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. म्हणजे बघा, सातवीत राणी पाळली तर ती मुलाच्या लग्नालाही हजर राहू शकेल.

आपल्याकडेही अशी वेडी माणसं झाली. रॉटन नावाचे जंगलखात्याचे अधिकारी मुंबई इलाख्यात फिरताना मुंग्या गोळा करत. १८९२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा लेख आला, त्याचं नावच मुळी 'आपल्या मुंग्या'. पुढे १९०३ मध्ये बिंगहॅम यांनी हिंदुस्थानातल्या मुंग्यांवर जाडजूड ग्रंथ काढला. अजूनही मुंग्यांचे अभ्यासक तो उघडतात.

राहिला मित्राचा प्रश्न. बाहेरच्या देशातून राणी मागवायची का? नाही. आणि हे मी मावशी म्हणून रागावून सांगत नाही, त्याला कारण आहे.

२०२५ च्या एप्रिलमध्ये आफ्रिकेतल्या केनिया देशात बेल्जियमची दोन मुलं पकडली गेली. वय अवघं एकोणीस. त्यांच्याकडे सुमारे पाच हजार मुंग्या सापडल्या, त्यांत बऱ्याचशा राण्या. ओला कापूस घातलेल्या नळ्यांमध्ये, आत्ता मी सांगितल्या तशाच! दाणे साठवणाऱ्या मोठ्या मुंग्यांच्या त्या राण्या, परदेशातले हौशी लोक त्यांना भारी किंमत देतात. मे महिन्यात न्यायालयानं प्रत्येकाला दहा लाख केनियन शिलिंग दंड, नाहीतर वर्षभर तुरुंग अशी शिक्षा सुनावली. त्या मुंग्या तिथं गवताचं बी पसरवतात, जमीन भुसभुशीत करतात. हजारो राण्या उचलल्या की तेवढी वारुळं उद्या उभीच राहत नाहीत.

उलट बाजूही आहे. परक्या देशातली मुंगी इथं आली आणि सुटली तर? मघाशी सांगितलेली ती आग पेटवणारी लाल मुंगी मूळची आपली नव्हेच. ती अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजं मेक्सिकोच्या अकापुल्को बंदरातून फिलिपाइन्समधल्या मनिलाला जात, त्यांतून ती निघाली आणि पुढे व्यापाराबरोबर जगभर पसरली. मिरची आणि बटाटाही तिकडूनच आले म्हणा, पण त्यांना आपण आनंदानं ठेवून घेतलं. हिला कोणी बोलावलं नव्हतं आणि आता ती जायची नाही. म्हणून मुंगी पाळायची ती आपल्या परसातली, आणि कंटाळा आला तर सोडायची तीही त्याच परसात. मामाच्या गावाहून आणलेली इथं सोडायची नाही, इथली तिकडे न्यायची नाही.

तर चिपळूणच्या दोस्ता, तुझी राणी गेली याचं मला तुझ्याइतकंच वाईट वाटतंय. ती काडेपेटीऐवजी वृंदावनाखालच्या मातीत असती, तर आज कदाचित तिच्यापुढे अंडी असती. तुला ठाऊक नव्हतं. आता आहे. आणि एकट्या राणीनं घाबरून जायचं कारण नाही, एका जातीच्या साऱ्या वारुळांतल्या राण्या काही एकाच संध्याकाळी उडून संपत नाहीत. अजून उघडीप आणि पाऊस यांचा लपंडाव चालू आहे तोवर, पाऊस थांबलेल्या संध्याकाळी सातच्या सुमाराला बॅटरी घेऊन त्याच कट्ट्यापाशी जा. पायांत चपला घाल आणि आईंना सांगून जा, पावसात विंचू-सापही फिरायला निघतात. घरातले दिवे घालवायला सांग, म्हणजे वाळवीची झुंड मध्ये लुडबुडणार नाही. वहीत तारीख, वेळ, पाऊस कधी थांबला आणि मुंगी कुठे दिसली ते लिही.

मला पुन्हा पत्र पाठव. काडेपेटी मात्र नको, चित्र पाठव. शेजारी पट्टीनं मोजलेली लांबी लिही, आणि कंबरेतले मणी नीट मोजून काढ.

तुमची,
मावशी